पूर ओसरला, दाब राहिला

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुरामुळे लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. पाणी ओसरले, वाहने सुरू झाली, आपण विसरलो. मला मात्र भीती वाटते ती पूर ओसरल्यानंतरची. पुलाच्या टोकाची भिंत भरावाची माती अडवून धरते. नदी उतरते, पण भरावात मुरलेले पाणी मागेच राहते. निचऱ्याची छिद्रे बुजलेली असतील तर त्याचा दाब भिंतीवर येतो. भरावात आपली काळी माती असेल तर ती फुगतेही. हे डोळ्यांना दिसत नाही. भिंतीमागे दाबमापक बसवून वर्षानुवर्षे नोंद ठेवावी लागते. पूल ही सर्वांची अमानत आहे. दोस्तांनो, माहिती अधिकारात विचारा : आपल्या पुलाची अशी नोंद कोण ठेवतो?