‘सामान येत नाही, नवा घ्या!’



बियाण्याच्या दुकानात काय चालते, खताच्या पोत्यासोबत नको ती बाटली कशी गळ्यात बांधतात, कापसाच्या काट्यावर कट्टी कशी लावतात, यावर आपण सभांमधून पुष्कळ बोललो. पण एका काउंटरविषयी आपण आजवर गप्प राहिलो. तो काउंटर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा. तिथे आपला माणूस फडक्यात गुंडाळलेला वॉटर पंप, नाही तर चिरलेले ऑइल सील हातात घेऊन तासभर उभा असतो. काउंटरमागचा मान वर न करता विचारतो, ‘मॉडेल कोणते?’ मॉडेल सांगितले की तो हसतो. ‘अजून चालतो का हो तो? त्याचे सामान येत नाही आता. विकून टाका, नवा घ्या.’

आमचा आजचा झगडा या हसण्याशी आहे.

जुना ट्रॅक्टर वापरणारा शेतकरी मागासलेला आहे, असे या हसण्यात गृहीत धरलेले असते. खरे काय आहे? कोरडवाहू कपाशी-ज्वारीवाल्याकडे एचएमटी २५११ असेल, इंटरनॅशनल बी-२७५ असेल, मॅसी १०३५ किंवा फोर्ड ३६०० असेल, तर बहुधा तो दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेला आणि कर्जमुक्त असतो. बँकेचा हप्ता पाऊस बघून येत नाही, तारीख बघून येतो. ज्याच्या शेताला विहिरीचे पाणी नाही, त्याने हप्ता नसलेले यंत्र जपणे याला आम्ही कृषी पदवीच्या वर्गात शिकलेल्या कुठल्याही हिशेबाने शहाणपणच म्हणू. या यंत्रांत बिडाचे काम दणकट, पंप-नोझल साधे, कुठे सेन्सर नाही, कुठे लॅपटॉप लावावा लागत नाही. गावचा मिस्त्री पान्यांच्या एका पेटीवर ते उघडतो आणि बसवतो. हे यंत्र क्वचितच थकते. ते अडते फक्त काउंटरवर.

कसे अडते ते बघा. आमच्या एका कार्यकर्त्याच्या ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट ऐन जूनमध्ये उचलेना. मिस्त्रीने खोलून दाखवले, ओ-रिंग आणि एक सील गेले होते. तालुक्याच्या दुकानदाराने सांगितले, सुटे मिळणार नाही, अख्खा किट घ्यावा लागेल. बरे, किट द्या. तर किट शिलकीत नाही, ॲडव्हान्स ठेवा, दोन दिवसांत येईल. पावती? एका चिठोऱ्यावर आकडा. मग फोन उचलणे बंद. तीन वेळा मोटारसायकलीने जाऊन आल्यावर अकराव्या दिवशी किट आला, तो दुसऱ्या मॉडेलचा निघाला. परत करायला गेला तर भिंतीवरच्या पाटीकडे बोट: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ वर उपदेश, ‘तुम्हीच मॉडेल नीट सांगितले नसेल.’ मॉडेल त्याने सांगितले होते. त्याने तर जुने सीलच समोर ठेवले होते.

दुकानदाराच्या हिशेबात हा प्रकार काही शे रुपयांचा. आमच्या हिशेबात बघा. साधारण ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावर कोरडवाहू पेरणी करावी, असे आपण सांगत आलो. त्यानंतर काळ्या रानात वाफसा किती दिवस टिकतो हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. त्या चार-पाच दिवसांत वखरपाळी झाली नाही तर तण आणि पीक एकदमच उगवते. कपाशी मागे पडली की बोंडे भरायच्या वेळी ओल संपते. खरीप ज्वारी जुलैत ढकलली की खोडमाशी पोंगे मारते, मग मर भरून काढायला दुबार बी टाका. अकरा दिवसांचा उशीर म्हणजे हे सगळे. ओ-रिंगच्या किमतीत ते कुठेच लिहिलेले नसते, आणि ‘उद्या या’ म्हणणाऱ्याला त्याचा एक पैसाही भरावा लागत नाही. म्हणूनच तो इतक्या सहज ‘उद्या या’ म्हणतो.

आता त्यांची सबब ऐकू. ‘कंपनीच बंद झाली, आम्ही काय करणार?’ एचएमटीच्या बाबतीत हे खरे आहे. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या तंत्रावर १९७१ मध्ये पिंजोरला सुरू झालेला हा सरकारी ट्रॅक्टर कारखाना बंद करायला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये मंजुरी दिली. सरकारने कारखाना बंद केला, पण शिवारात उभ्या असलेल्या त्याच्या ट्रॅक्टरांचे काय, याचे उत्तर आम्हाला तरी कोणी दिलेले नाही. पण बाकीच्यांचे काय? आयशरचा ट्रॅक्टर धंदा २००५ मध्ये टॅफेने घेतला. स्वराज २००७ मध्ये महिंद्रकडे गेला. घेणाऱ्याने नाव विकत घेतले ते फुकट नव्हे, त्या नावावरचा आपला विश्वासही त्या सौद्यात मोजला गेला. नाव घेतले तर नावाबरोबर येणारी जुनी यंत्रेही घेतली, असे आम्ही मानतो.

आणि बंद कंपनीचेही सामान तयार होते. लुधियानात होते, राजकोटला होते. शिवाय यंत्रातला बराचसा माल कंपनीचा नसतोच. बेअरिंगच्या कडेवर आकडा असतो. ६२०५ असेल तर आतला व्यास २५ मि.मी., बाहेरचा ५२, रुंदी १५. हा आकडा जगभर एकच. कुठल्याही चांगल्या कारखान्याचे ६२०५ तिथे बसते, मग ते ट्रॅक्टर कंपनीच्या खोक्यात भरून जास्त भावाने का घ्यायचे? ऑइल सीलवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी अशी तीन मापे बहुधा कोरलेली असतात. ‘सामान येत नाही’ म्हणणाऱ्यासमोर ही मापे लिहून ठेवा आणि पाहा, कितीदा ते ‘न येणारे’ सामान मागच्या फळीवरून खाली येते. (मात्र क्रॅंकचे सील, पंपाचा एलिमेंट, क्लच प्लेट यांत मापाबरोबर मालही बघावा लागतो. स्वस्तातले सील गळले की तेल क्लचवर जाते आणि शंभराची बचत हजारांना पडते.)

यंत्र जुने झाले की सामान मिळणे अशक्य, हा निसर्गनियम असल्यासारखे सांगितले जाते. विलायतेतले एक उदाहरण देतो. इंग्लंडात एमजीबी नावाची दोन माणसांची हौशी मोटार होती. तिचे उत्पादन १९८० मध्ये थांबले. आठ वर्षांनी, १९८८ मध्ये, ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुने मूळ साचे वापरून त्या मोटारीचे अख्खे नवे सांगाडे विकायला काढले. सील नव्हे, बंपर नव्हे, पूर्ण सांगाडा! आणि त्या मोटारी चालवतात कोण? रविवारी फेरफटका मारणारे हौशी लोक. चुकीचा भाग आला, पत्राला उत्तर नाही, माल बसत नाही, म्हणून पुरवठादारांच्या नावाने तेही बोटे मोडतातच. पण त्यांच्या मोटारी चालू आहेत, कारण ते मंडळे करून, यादी करून, एकदम मागणी करतात. ज्या यंत्रावर कुटुंबाची भाकरी आहे त्याला एक सील मिळू नये आणि ज्याच्यावर रविवारची हौस आहे त्याला सांगाडा मिळावा, यात निसर्गाचा काही हात नाही. साचा ठेवायचा की मोडायचा हे माणसे ठरवतात.

मग इथे ते का होत नाही? ज्या छपराखाली सामानाचा काउंटर आहे, त्याच छपराखाली, चांगल्या खुर्चीवर, नवा ट्रॅक्टर विकणारा बसलेला असतो. तुमचा जुना जितका जास्त दिवस उभा, तितके त्याचे गिऱ्हाईक पक्के. वर भीती घालायला नवी गोष्ट सापडली आहे: ‘पंधरा वर्षांनंतर सरकार भंगारात काढणार, कशाला खर्च करता?’ हे साफ खोटे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२३ मध्ये खुलासा केला की शेतीचा ट्रॅक्टर बिगर-वाहतूक वाहन आहे, पहिली नोंदणी पंधरा वर्षांची आणि त्यानंतर दर वेळी पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होऊ शकते. ही थाप पुन्हा कोणी मारली तर त्याच्याकडून ती कागदावर लिहून मागा.

कायद्याचे थोडे. कायद्याने सगळे सुटते असे आम्ही म्हणत नाही, कोर्टाची पायरी आपणही जाणतो. पण काउंटरवर हक्काने बोलायला तो उपयोगी पडतो. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली, तो जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष माल परत न घेणे आणि बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, पैसे न देणे, हीसुद्धा. भिंतीवरची पाटी कायद्यापेक्षा मोठी नाही. एक वस्तू हवी असताना दुसरी घेण्याची अट घालणे याला त्याच कायद्यात प्रतिबंधक व्यापारी प्रथा म्हटले आहे. खताच्या लिंकिंगसाठी जे शस्त्र, तेच ‘अख्खा किट घ्या’ला. आपल्या पोटासाठी स्वतः राबून वापरलेले यंत्र या कायद्यात ‘व्यापारी कारण’ धरले जात नाही. तक्रार आपल्या स्वतःच्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, दोन वर्षांच्या आत, वकील लागत नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बंद खोक्यावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीचा संपर्क छापलेला नसेल तर वैधमापन खात्याकडे जा.

पण या सगळ्याला एक कागद लागतो, पक्के बिल. आणि इथे आपल्यालाही चार शब्द सुनावले पाहिजेत. ‘बिल पाहिजे तर टॅक्स लागेल’ म्हटले की आपण चिठोऱ्यावर राजी होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब, क्लच असेंब्ली, गिअर बॉक्स, रेडिएटर अशा कितीतरी भागांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. बिलच नसेल तर हे तेरा टक्के तुमच्या खिशात राहिले की काउंटरमागे गेले, हे कळणार कसे?

मोठ्यांचे काय झाले तेही पाहा. स्वतंत्र गॅरेजवाल्यांना अस्सल सुटे भाग मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या, पण सामान अडवणे हा गुन्हा आहे हे निदान लिहिले गेले. ते मोटारींसाठी. केंद्राच्या ग्राहक खात्याने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या विषयांत शेतीची यंत्रेही घेतली. त्यातून माहितीचे एक पोर्टल निघाले, कंपन्यांना बांधणारा कायदा निघाला नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांसाठी असा कायदा करून दाखवला. सुटे भाग, हत्यारे, माहितीपुस्तिका शेतकऱ्याला आणि त्याच्या मिस्त्रीला देणे तिथे १ जानेवारी २०२४ पासून कंपनीवर बंधनकारक आहे.

म्हणून जिल्हा मेळाव्यात आम्ही ठराव मांडणार आहोत. प्रत्येक कंपनीने चालू-बंद सर्व मॉडेलांची भाग-क्रमांकांची पुस्तिका मराठीत छापून तालुक्याच्या काउंटरवर टांगावी. सील, रिंग, बेअरिंग सुटे द्यावे. ॲडव्हान्स घेतला तर तारीख लिहून द्यावी, आणि तारीख चुकली तर पैसे व्याजासह परत करावेत. नवा ट्रॅक्टर विकताना सामान किती वर्षे देणार हे बिलावर लिहावे. ठरावाची प्रत डीलरला, कंपनीला आणि जिल्हाधिकाऱ्यांना जाईल. पेरणीआधी उत्तर आले नाही तर एके सकाळी पंचवीस-तीस जुने ट्रॅक्टर त्या काउंटरसमोर ओळीने उभे राहतील आणि प्रत्येकाचा मालक एकेक सील पक्क्या बिलावर मागेल.

तोवर एक काम. मेळाव्याला येताना आपल्या ट्रॅक्टरचे मॉडेल, चेसिस नंबर, गेल्या दोन वर्षांत न मिळालेले किंवा चुकीचे मिळालेले सामान, किती खेपा झाल्या आणि पेरणी किती दिवस अडली, हे कागदावर लिहून आणा. बिल असेल तर त्याची झेरॉक्स, चिठोरा असेल तर चिठोरा. गावच्या मिस्त्रीलाही सोबत आणा, कोणत्या सीलचे माप काय हे त्याच्याइतके कोणाला पाठ नाही. मंडपाच्या दाराशी एक वही ठेवलेली असेल. तालुकावार नोंद करू आणि एकाच मॉडेलचे पंधरा-वीस जण निघाले तर त्यांच्या सामानाची एकत्र मागणी तिथेच लिहून थेट बनवणाऱ्याकडे पाठवू.