उरलेल्या गोळ्या आणि आपले मंडळ



संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर ब्रिटनमधल्या आपल्या मंडळाच्या ‘औषधपेटी’ या व्हॉट्सअॅप गटावर जे रामायण घडले ते बहुतेकांनी वाचले आहे. ज्यांनी वाचले नाही त्यांच्यापर्यंत स्क्रीनशॉट पोचले आहेत, असे दिसते. म्हणून सगळे पुन्हा उगाळत नाही. कार्यक्रमानंतर काही घरांत कोविड शिरला. त्यांत मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले आपले एक ज्येष्ठ सभासद होते. गटावर निरोप पडला, “कोणाकडे पॅक्सलोविड आहे का?” आणि तासाभरात कोणाकडचे तरी अर्धे उरलेले पाकीट त्यांच्या दारात पोचले. काकांनी त्या गोळ्या सुरू केल्या आणि प्रत्यारोपणाच्या गोळ्याही नेमाने चालू ठेवल्या. पुढे त्यांचे हात इतके थरथरू लागले की चहाचा कप धरवेना. रक्तात प्रत्यारोपणाच्या गोळ्यांतल्या टॅक्रोलिमसची पातळी फार वर गेली होती, मूत्रपिंडावर ताण आला होता. काही दिवस रुग्णालयात काढून ते आता सुखरूप घरी आहेत. “नाव तेवढे छापू नका, बाकी सगळे लिहा,” असे त्यांनीच सांगितल्यामुळे हे लिहीत आहोत.

ज्यांनी पाकीट नेऊन दिले त्यांच्याविषयी कार्यकारिणीच्या मनात आदरच आहे. भर थंडीत, रात्री, स्वतःचे जेवण सोडून कोणी कोणासाठी धावत नाही. परंतु त्यानंतरच्या बैठकीत आम्ही ठरवले की ‘औषधपेटी’ बंद करायची आणि मंडळाच्या कुठल्याही गटावर किंवा कार्यक्रमात चिठ्ठीवर मिळणारी औषधे मागायची नाहीत, द्यायची नाहीत. या निर्णयावर आलेली पत्रे आणि फोन पाहता, हा वाद बराच मोठा आहे.

एक बाजू म्हणते, मंडळाने हात झटकले. २०२० च्या टाळेबंदीत याच गटाने एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना औषधे आणि किराणा पोचवला. तो गट एका फटक्यात बंद करणे म्हणजे कृतघ्नपणा. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, मंडळाने गणपती, दिवाळी आणि नाटक बघावे, औषधपाण्यात पडूच नये. दोन्ही बाजूंना जुने, जाणते सभासद आहेत आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तरीही निर्णय बदलणार नाही. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण फोनवर प्रत्येकाला सांगून सचिवांचा घसा बसला आहे.

पॅक्सलोविडच्या पाकिटात दोन औषधे असतात. गुलाबी गोळी निरमॅट्रेलविरची. विषाणूची वाढ रोखण्याचे काम तिचे. पांढरी गोळी रिटोनाविरची. हे मूळचे एचआयव्हीचे औषध, पण इथे ते विषाणूशी लढायला दिलेले नसते. आपल्या यकृतात सीवायपी३ए४ नावाचे एक विकर असते. ते अनेक औषधांचे विघटन करून ती शरीराबाहेर घालवते. रिटोनाविर त्या मोरीत बोळा कोंबते, म्हणजे निरमॅट्रेलविर लवकर वाहून जात नाही. पण त्याच मोरीतून जाणारी बाकीची औषधेही तुंबतात. टॅक्रोलिमस त्यातलेच, सायक्लोस्पोरिन आणि सिरोलिमसही त्यातलीच. रोजचीच मात्रा घेतली तरी रक्तातली पातळी कित्येक पटींनी चढते. म्हणून प्रत्यारोपण झालेल्याला पॅक्सलोविड द्यायचेच झाले, तर त्याचा रुग्णालयातला चमू टॅक्रोलिमस काही दिवस थांबवतो किंवा मात्रा अगदी कमी करतो, आणि पुन्हा केव्हा, किती सुरू करायचे ते रक्त तपासून ठरवतो. हे स्वतःच्या मनाने करायचे काम नव्हे. मनाने थांबवले तर शरीर नवे मूत्रपिंड नाकारू शकते, चालू ठेवले तर काय होते ते आपण नुकतेच पाहिले.

यावर एका सभासदाने लिहिले, “म्हणजे या गोळ्या वाईटच की!” मुळीच नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती प्रत्यारोपणामुळे, केमोथेरपीमुळे, रक्ताच्या कर्करोगामुळे किंवा रिटुक्सिमॅबसारख्या औषधांमुळे कमकुवत झाली आहे, त्यांच्यात लसही पुरते काम करत नाही आणि विषाणूही जास्त दिवस मुक्काम ठोकतो. त्यांनाच विषाणूरोधक औषधाची गरज सर्वांत जास्त. लस न घेतलेल्या, धोका अधिक असलेल्या रुग्णांवरच्या मूळ चाचणीत लक्षणे दिसल्यापासून तीन दिवसांत गोळ्या सुरू केल्या तेव्हा रुग्णालयात जाण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण ८९ टक्क्यांनी घटले होते. आज बहुतेकांचे लसीकरण झाले आहे, तेव्हा तोच आकडा जसाच्या तसा कोणी मनात धरू नये. पण लवकर सुरुवात करण्याचे महत्त्व तेच आहे. गोळ्या पाच दिवसांच्या आत सुरू व्हायला हव्यात. घाई करायची ती डॉक्टरांपर्यंत पोचण्याची.

आणि उरलेल्या पाकिटाचा हिशेबही कोणाचाच जुळत नाही. पूर्ण मात्रा म्हणजे दोन गुलाबी आणि एक पांढरी, दिवसातून दोनदा, पाच दिवस. मूत्रपिंडाचे काम मध्यम प्रमाणात मंदावले असेल तर गुलाबी एकच. शेजाऱ्याच्या पाकिटात किती उरल्या, त्या कोणत्या मात्रेच्या हिशेबाने दिल्या होत्या आणि ज्याला देतोय त्याचे मूत्रपिंड किती चालते, हे व्हॉट्सअॅपवर कसे कळणार? ज्याच्याकडे उरल्या त्यानेही पाच दिवस पुरे केले नाहीत, हेही त्यातून उघड होते. तोंड कडू पडले म्हणून तिसऱ्या दिवशी गोळ्या सोडणारे आपल्यात बरेच आहेत. चव कडवट होते हे खरे, पण ती औषधाबरोबरच जाते.

हे फक्त प्रत्यारोपणवाल्यांचे आहे, असे समजू नये. साठीपुढच्या आपल्या बहुतेक घरांत जेवणाच्या टेबलावर कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचा डबा असतोच. सिम्व्हास्टॅटिन पॅक्सलोविडबरोबर चालतच नाही. ॲम्लोडिपिनची मात्रा कमी करावी लागू शकते. रिव्हरॉक्साबॅनने रक्तस्राव वाढू शकतो, क्लोपिडोग्रेलचा परिणाम घटू शकतो. फिट्सवरच्या फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिनमुळे उलट पॅक्सलोविडच निकामी ठरते. इथल्या दुकानात उदास मनासाठी सहज मिळणारे सेंट जॉन्स वॉर्टही तसेच. औषधे एकमेकांशी कशी वागतात ते तपासायची उत्तम सोय लिव्हरपूल विद्यापीठाने केली आहे, फार्मासिस्ट मंडळी तिचाच आधार घेतात. घरी बसून ती पाहायला हरकत नाही, मात्र निर्णय तिच्यावर सोडू नये.

आता भारतातून बॅगेत येणाऱ्या गोळ्यांविषयी. हा विषय नाजूक आहे, कारण त्या आणणारे आमच्याच घरांत आहेत. कोविडवरच्याच मोलनुपिराविर या कॅप्सूलला नोव्हेंबर २०२१ मध्ये जगात सर्वांत आधी मान्यता दिली ती ब्रिटनने. डिसेंबरअखेर भारतानेही दिली आणि अनेक कंपन्यांच्या स्वस्त कॅप्सूल बाजारात आल्या. पण जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रमुखांनीच तिच्या सुरक्षिततेविषयी चिंता व्यक्त केली होती. गरोदरपणात ती घेऊ नये. ऑक्सफर्डच्या पुढाकाराने झालेल्या पॅनोरॅमिक चाचणीत पंचवीस हजारांहून अधिक, बहुतेक लसवंत, लोक होते. त्यांना बरे लवकर वाटले, पण रुग्णालयात जाण्याचे प्रमाण कमी झाले नाही. तेव्हा “माझ्या भाच्याने पुण्याहून दोन पट्ट्या पाठवल्यात, हव्या तर घ्या” हा निरोप कितीही प्रेमाचा असला तरी गटावर नको.

काढा, गुळवेल आणि होमिओपॅथी यांवर मंडळाचे कोणतेही मत नाही, हे पुन्हा एकदा स्पष्ट करतो. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याची प्रकरणे २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आणि आयुष मंत्रालयाने त्याला आक्षेप घेतला, हे दोन्ही आपल्या वाचकांना ठाऊक आहे. आमचे म्हणणे एवढेच की जे काही घेता ते डॉक्टरांना सांगा. पपनससुद्धा सांगा. हसू नका, पपनसाने टॅक्रोलिमसची पातळी वाढल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. टॅक्रोलिमसमुळे ग्रेपफ्रूट न खाणारे काका गणपतीत पपनसाच्या फोडी मीठमिरची लावून खातात, असे त्यांच्या पत्नीनेच आम्हाला सांगितले.

हे सगळे आपल्याच मंडळातल्या डॉक्टरांनी ऑक्टोबरमधल्या व्याख्यानात सांगितले होते. शंभर खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या दोन रांगा भरल्या, त्यांत कार्यकारिणी, वक्त्यांचे नातेवाईक आणि चहा करणारे धरून. त्याच आठवड्यात दिवाळी पहाटेचे पास दुपारपर्यंत संपले. गाण्याला गर्दी होते याचे दुःख नाही, उलट आनंदच आहे. पण “मंडळ आरोग्यासाठी काहीच करत नाही” असे लिहिणाऱ्यांपैकी त्या सभागृहात कोण होते, ते आमच्या हजेरीवहीत आहे. आम्ही ती छापणार नाही.

‘मंडळाने हात झटकले’ म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मनापासून मान्य आहे. डॉक्टरांच्या फोनवर ताटकळण्यात दिवस जातात आणि इंग्रजीत आजाराचा सगळा इतिहास सांगताना वडीलधाऱ्यांची तारांबळ उडते. म्हणून ‘औषधपेटी’च्या जागी आम्ही ‘मदतफोन’ सुरू करत आहोत. स्वयंसेवक गोळ्या देणार नाहीत. ते तुमच्याबरोबर फोनवर थांबतील, मराठीतून इंग्रजीत सांगतील, आणि चिठ्ठी निघाली की फार्मसीतून औषध आणून देतील. यासाठी गाडी चालवणारे सहा-सात जण हवे आहेत. गटावर हिरिरीने लिहिणाऱ्यांनी आधी नावे द्यावीत, ही विनंती.

ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी कोविडचे तपासणी संच घरी आणून ठेवावेत. घसा खवखवला की त्याच दिवशी तपासावे, आणि दोन रेघा दिसल्या की जीपी, एनएचएसचा १११ क्रमांक किंवा तुमच्या रुग्णालयातला चमू यांपैकी ज्याचा फोन आधी लागेल त्याला सांगावे. कोणत्या भागात कोणी औषध लिहून द्यायचे ते वेगवेगळे आहे, म्हणून ते आजच विचारून कागदावर लिहा. गोळ्या जमणार नसतील तर सोट्रोविमॅबचे सलाइन हा पर्यायही डॉक्टर पाहू शकतात. “मला नाही म्हणाले” असे म्हणून फोन ठेवू नका, “मग दुसरे काय?” असे विचारा.

त्याच कागदावर सगळ्या औषधांची यादी हवी, आणि ती मूळ नावांनी. आई-वडील भारतातून आले की “पॅनग्राफ चालू आहे” म्हणतात. इथल्या फार्मासिस्टला त्यावरून टॅक्रोलिमस ओळखता येईलच असे नाही. पाहुण्यांनाही जीपीकडे तात्पुरती नोंदणी करता येते. ती आजारी पडायच्या आधीच करून ठेवा.

नागीण, सीएमव्ही, हिपॅटायटिस बी यांवरच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही दोन शब्द, कारण त्यांचेही फोन आले. नागीण उठली की गेरू लावून वाट पाहू नका. असिक्लोविर जितके लवकर सुरू होईल तितके बरे. त्याबरोबर पाणी भरपूर प्या आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो आधी सांगा. सीएमव्ही विषाणूवरचे व्हॅलगॅन्सिक्लोविर गिळता येत नाही म्हणून खलबत्त्यात कुटून देऊ नका. त्याची पूड हाताळणे घरातल्या इतरांनाही, विशेषतः गरोदर बाईला, अपायकारक आहे. केमोथेरपीच्या आधीपासून हिपॅटायटिसची गोळी चालू असेल तर “आता बरे वाटते” म्हणून ती मनाने बंद करू नका, यकृताचा आजार एकदम उसळू शकतो.

घरात उरलेली औषधे गुढीपाडव्यापूर्वी जवळच्या फार्मसीत परत द्यावीत. ती मंडळाच्या टेबलावर आणून ठेवू नयेत, मागच्या वेळी पिशवीभर गोळ्या खजिनदारांच्या गाडीत राहिल्या होत्या. पाडव्याच्या कार्यक्रमात सभागृहाच्या खिडक्या उघड्या राहतील, तेव्हा थंडी वाजते अशी तक्रार न करता शाल आणावी. खोकला, ताप असलेल्यांनी घरी थांबावे. त्यांच्या श्रीखंडपुरीचा डबा पोचवण्याची जबाबदारी उपाध्यक्षांनी घेतली आहे. खिडकीजवळच्या दोन रांगा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांसाठी राखीव आहेत. तिथे पर्स ठेवून जागा धरू नये. ‘मदतफोन’साठी नावे सचिवांकडे, आणि ज्यांची वार्षिक वर्गणी अजून यायची आहे त्यांनी ती त्याच दिवशी दारातल्या टेबलावर द्यावी.

कार्यकारिणीच्या वतीने,
संपादक