हे चाळे कोणाचे?

माघांतील खेट्यांच्या एका रविवारीं आम्ही सहकुटुंब जोतिबास गेलों होतों. समवेत पुतण्याचा थोरला मुलगा होता. वय एकोणीस, समज चार वर्षांच्या बालकाची, वाणी नाहींच. गुलालानें माखलेल्या फरशीवर तो बसला असतां त्याचे ओठ चघळल्यासारखे एकसारखे हलत होते व जीभ मधूनच बाहेर येत होती. शेजारच्या एका बाईंनीं हात जोडले. त्यांस वाटलें, अंगांत आलें. घरचीं माणसें म्हणालीं, त्याचे ते जुनेच चाळे. मीहि तसेंच समजत होतों.

वास्तविक बालपणापासून त्याचा चाळा एकच : डोळ्यांपुढें बोटें नाचविणें. हाक मारली कीं तो थांबे. ओठांची ही हालचाल हांकेनें थांबत नव्हती. चिडखोरपणासाठीं दीड वर्ष चाललेल्या रिस्पेरिडोनचा हा परिणाम असावा, असें कोल्हापुरास डॉक्टरांनीं सांगितलें. या विकारास टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. टार्डिव्ह म्हणजे उशिरां येणारा.

त्याची परीक्षा पाहण्यासारखी असते. रोग्यास कठीण बैठकीच्या खुर्चीवर बसवून जीभ काढावयास सांगतात. मग अंगठ्यास एकेक बोट भराभर टेकवावयास लावतात. मन बोटांत गुंतलें कीं तोंडाची हालचाल उघडी पडते. प्रत्येक अवयवास शून्य ते चार गुण. अमेरिकेंतील ही १९७६ सालची ‘एम्स’ पद्धति. परंतु ज्यास सांगितलेलें उमगतच नाहीं, त्याचें काय? अशा व्यक्तींसाठीं पुढें तेथेंच पंधरा कलमांची ‘डिस्कस’ तयार झाली. दुसरी एक पीडा तर याहून फसवी. औषधानेंच जीव आंतून तळमळतो, एका जागीं बसवत नाहीं. मुक्या मुलास तें सांगतां येत नाहीं, आणि आपण त्यास हट्टी ठरवून मात्रा वाढवून मागतों.

डॉक्टरांनीं विचारलें, “औषधापूर्वीं तो कसा बसे, याची कांहीं नोंद?” मी निरुत्तर. पस्तीस वर्षें परक्यांच्या मुलांच्या प्रगतिपुस्तकांत शेरे लिहिले. घरच्या मुलाविषयीं एक ओळ लिहिली नव्हती! अखेर धाकट्याच्या मुंजीची चित्रफीत सूनबाईंच्या मोबाइलांत सांपडली. तींत याचीं बोटें नाचत आहेत, ओठ मात्र स्तब्ध. त्यावरून निदानास बळकटी आली.

औषध एकदम तोडलें तर हालचाल वाढूं शकते, म्हणून डॉक्टर तें हळूहळू उतरवीत आहेत. सूनबाई दर महिन्यास त्याचें जेवणें, चालणें, बसणें टिपून ठेवतात. तारीख आणि मात्रा वहींत मी लिहितों.