जाळें तुटतें तेव्हां

लिनक्स प्रणाली अद्ययावत् केली आणि संगणकाचें तारेचें जाळें बंद पडलें, कीं पुष्कळ विद्यार्थी एकच उपाय सुचवितात : सर्व पुसून प्रणाली नव्यानें बसवा. आमच्या मतें हा उपाय घातक आहे. साठविलेलें लेखन जाण्याचें भय तर आहेच. शिवाय दोष कोठें होता हें अखेरपर्यंत कळत नाहीं.

आपल्या छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी पाहा. १७ व्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें ती बांधविली आणि जमिनीखालच्या मार्गानें शहरांत पाणी आणिलें. अशा नहरीचें पाणी हौदांत येईनासें झालें, तर शहाणा कारागीर सारी नहर खणून काढीत नाहीं. तो हौदापासून उगमाकडे एकेक टप्पा तपाशीत जातो. तारेच्या जाळ्यासही हाच न्याय लागू आहे.

प्रथम तार जेथें खोंचली आहे तेथील दिवा लागतो कीं नाहीं हें पाहावें. मग ‘आयपी लिंक’ ही आज्ञा देऊन यंत्रास जोडणीचें कार्ड दिसतें का, व कोणत्या नांवानें दिसतें, हें पाहावें. दिसत नसेल, तर आरंभींच्या यादींतून प्रणालीचा जुना गाभा, म्हणजे जुना कर्नेल, निवडावा. तेवढ्यानें जाळें चालू झालें, तर दोष नव्या कर्नेलाकडे आहे असें समजावें. कार्ड दिसत असेल, तर पत्ता मिळाला का, राउटर उत्तर देतो का, हें क्रमानें तपासावें.

पुष्कळदां दोष केवळ नांवाचा निघतो. पूर्वीं कार्डांस सांपडतील त्या क्रमानें ‘ईथ ०’, ‘ईथ १’ अशीं नांवें मिळत. दोन कार्डें असल्यास त्यांची अदलाबदल होण्याचा संभव असे. म्हणून २०१३ सालीं ‘सिस्टिमडी’नें कार्डाच्या जागेवरून ‘ईएनपी३एस०’ अशा धर्तीचीं नांवें देण्याची रीत आणिली. जुळणीच्या फाइलींत जुनेंच नांव राहिलें, कीं तार व कार्ड धडधाकट असूनहि जाळें मुकें! २०१९ सालीं डेबियनची दहावी आवृत्ति निघाली, तेव्हां जुन्या नांवांवर चालणाऱ्या यंत्रांस असलेला हा धोका तिच्या सूचनापत्रांतच आगाऊ सांगितला होता.

म्हणून विद्यार्थिबंधुभगिनींस आमची विनंति अशी कीं, अद्ययावत् करण्यापूर्वीं सूचनापत्र वाचावें, आपल्या लेखनाची प्रत दुसरीकडे ठेवावी, आणि बिघाड झाल्यास एका वेळीं एकच गोष्ट बदलून ती वहींत टिपावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कोणत्या औषधानें गुण आला हें कसें कळणार? यंत्र दुरुस्त करणारा मनुष्य शाळेस केव्हांहि बोलावितां येईल. दोष शोधण्याची संवय मात्र ज्याची त्यानेंच लावून घ्यावी लागते.