इवलें घर आणि शीतयंत्र

"घर लहान, तेव्हां वीजही थोडीच लागणार," अशा समजुतीनें आपल्या बीड जिल्ह्यांत दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरांतही आतां हप्त्यानें शीतयंत्र, म्हणजे एसी, येऊं लागलें आहे. ही समजूत आम्हांस चुकीची वाटते.

शीतयंत्र थंडी उत्पन्न करीत नाहीं. तें आंतील उष्णता उपसून बाहेर टाकतें. एक टनाचें यंत्र सुमारें 3.5 किलोवॅट वेगानें उष्णता उपसतें व तासास अदमासें 1 युनिट वीज खातें. तेवढ्या विजेंत बारा पंखे फिरतील! उलटपक्षीं 25 चौरस मीटरांच्या छपरावर (घरकुलाचें किमान क्षेत्र एवढेंच असतें) वैशाखांतील मध्यान्हीं सुमारें 25 किलोवॅट ऊन पडतें. तें सगळेंच आंत येत नाहीं हें खरें. पण डोकें व सूर्य यांमध्यें एकच पातळ पत्रा असला म्हणजे येतें तेंही पुष्कळ होतें. नावेचें भोंक न बुजवितां पाणी उपसत बसण्याचाच हा प्रकार होय.

जुनीं माळवदें थंड असत. परंतु 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीच्या भिंती व जड छपरें निजलेल्यांच्या अंगावर कोसळलीं. त्यानंतर पत्र्याकडे वळणारास कोण दोष देईल? हलकें छप्पर हवेंच. त्यास वरून पांढरा चुना द्यावा, खालीं वारा खेळेल एवढी पोकळी ठेवून फळ्यांचें छत करावें, पश्चिमेच्या भिंतीस मांडवाची सावली द्यावी. हें आधीं, यंत्र मागाहून.

वीज फुकट होत नाहीं, हें परळीकरांस सांगावयास नको. तेथील औष्णिक केंद्रास कोळशाइतकीच पाण्याचीही गरज; 2013 व 2015 सालीं पाण्याअभावीं तें बंद ठेवावें लागलें होतें.

आजारी, तान्हें मूल किंवा वृद्ध माणूस घरांत असतां यंत्रास चैन म्हणणें निर्दयपणाचें होईल. मात्र फटी बुजवून तें 26 अंशांवर चालवावें. अंश एक वाढविला तर सुमारें 6 टक्के वीज वाचते.

घरकुलाचे हप्ते देतांना बांधकामाचीं छायाचित्रें पाहतात. छपराखालीं दुपारीं किती तापतें, हें कोणी पाहत नाहीं. येत्या उन्हाळ्यांत आमच्या विद्यार्थ्यांनीं तापमापक घेऊन आपापल्या घरीं, एकदां उघड्या पत्र्याखालीं व एकदां चुना दिलेल्या पत्र्याखालीं, दुपारीं दोन वाजतां मोजावें व तें आंकडे ग्रामसभेपुढें ठेवावे.