कात्री आणि जीभ

भाषा नासत चालली आहे, तेव्हा सरकारनंच झाडू हाती घ्यावा, असं म्हणणारी माणसं वाईट नसतात. रंगमंचावरून शिव्या ऐकू आल्या की त्या पोरांच्या तोंडी बसतात, एवढंच त्यांचं म्हणणं. पण पोरं शिव्या नाटकातून शिकतात असं म्हणणाऱ्यानं गल्लीतला क्रिकेटचा डाव कधी पाहिलेला नसावा.

१९७२ साली तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'ला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळानं ३२ ठिकाणी कात्री सुचवली. (स्वतःचं नाव एका दमात म्हणता येत नाही अशा मंडळानं बोलीचा न्याय करावा, हीही गंमतच.) नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरात आणून ठेवणारा हा सखाराम तोंडाचा फाटका. आपल्यापाशी आडपडदा नाही, हीच त्याची मिजास. त्याच्या तोंडी शाळेतलं मराठी घातलं तर उरतो एक सभ्य लबाड. नाटक ज्याला उघडा पाडतं, त्यालाच कात्री कपडे चढवते! दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले, म्हणून सखाराम त्याच्याच भाषेत बोलू शकला.

शब्द गाळला की त्यातला विचारही गळतो, हा दुसरा भ्रम. खाडिलकरांच्या १९०७ सालच्या 'कीचकवधा'त ना कुणी इंग्रज, ना राजद्रोहाची घोषणा. महाभारतातली ओळखीची गोष्ट. प्रेक्षकांनी मात्र कीचकात कर्झन ओळखला आणि द्रौपदीत देश. खोडायचा तर कुठला शब्द खोडणार? १९१० साली सरकारनं अख्खं नाटकच बंद केलं.

मग काय वाट्टेल ते बोलावं? छे. रोजच्या बोलण्याइतका कडक पहारेकरी कुठल्याही खात्यात नसेल. पारावर सैल सुटलेली जीभ वडीलधारं माणूस दिसताच सावरते. आजी नातवाला 'मेल्या' म्हणते तो लाड. वसुलीला दारात आलेल्या सावकारानं तेच म्हटलं तर भांडण. २०१० साली 'शिक्षणाच्या आयचा घो' या चित्रपटाच्या नावावरून गदारोळ झाला. मालवणीत 'घो' म्हणजे नवरा. शब्दकोश लावून बसलं तर आयचा घो म्हणजे घरोघरी मानानं वावरणारे आपले वडीलच! शिवी तिथं शब्दात नसते, सुरात असते.

आता कुणी विचारील, जातीवरून दिलेल्या शिवीचं काय? ती सोडायची नाहीच. पण १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा शब्दांची यादी देत नाही. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, चारचौघांदेखत बोलला का, अपमान करण्यासाठीच बोलला का, हे तो विचारतो. त्याला माणसं दिसतात. कात्रीला फक्त अक्षरं दिसतात, आणि तिथंच माझं तिच्याशी भांडण आहे.

शिवाय कात्रीची एक जुनी अडचण आहेच. कुठली शिवी गाळायची हे नाटकवाल्याला कळवायचं, तर ती आधी सरकारी कागदावर शुद्धलेखनासकट टंकून, वर जावक क्रमांक घालून पाठवावी लागते.