विश्लेषण : मानेचा झटका क्ष-किरणात दिसत नाही, दावा कागदावरच टिकतो

द्वारका (नवी दिल्ली) : सिग्नलवर थांबलेल्या मोटारीला मागून धडक बसते. दोन्ही चालक उतरून बंपर पाहतात, थोडी बाचाबाची होते आणि प्रकरण अनेकदा जागेवरच मिटते. मान मात्र त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी दुखू लागते. तोवर समोरच्या वाहनाचा क्रमांकही हाती नसतो. ‘व्हिपलॅश’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दुखापतीत भरपाईचा हक्क बहुधा येथेच निसटतो.

धडकेच्या क्षणी धड आसनासोबत पुढे ढकलले जाते, डोके मागे राहते आणि लगेच पुढे फेकले जाते. मानेचे स्नायू व अस्थिबंध ताणले जातात. हाड मोडलेले नसल्याने क्ष-किरण तपासणीत सहसा काही आढळत नाही. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. काहींची मानदुखी, डोकेदुखी व चक्कर अनेक महिने टिकते.

सुमारे २९ किलोमीटरच्या द्वारका एक्स्प्रेस-वेचा दिल्लीतील १०.१ किलोमीटरचा टप्पा ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला. वेगवान रस्ता आणि त्याला जोडलेले गर्दीचे चौक अशा परिसरात मागून होणारी धडक हा नेहमीचाच धोका आहे. भरपाईचे दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात. द्वारका सेक्टर १० मधील न्यायालय संकुलातही ते आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार शारीरिक इजा झालेली कोणतीही व्यक्ती दावा करू शकते. हाड मोडण्याची अट नाही. मात्र समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. कलम १६४ मध्ये दोष सिद्ध न करताही अडीच लाख रुपये मिळतात, पण दुखापत ‘जबर’ असेल तरच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने येथे एक दार किलकिले केले आहे. तीव्र वेदना किंवा नित्याचे व्यवहार करण्याची असमर्थता १५ दिवस राहिली, तर ती दुखापत जबर ठरते. जुन्या दंड संहितेत ही मुदत २० दिवसांची होती. मात्र ते १५ दिवस वैद्यकीय कागदांवर दिसावे लागतात.

रकमेचा प्रश्नही पुराव्याशीच बांधलेला आहे. इंग्लंड व वेल्समध्ये ३१ मे २०२१ पासून व्हिपलॅशसाठी ठरावीक दरपत्रक असून दुखणे किती महिने टिकले यावर रक्कम ठरते. वाढत्या आणि संशयास्पद दाव्यांना आळा घालणे हा त्यामागचा हेतू होता. भारतात असे दरपत्रक नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच कमाईतील घट नव्हे. इजेचा त्या व्यक्तीच्या कामावर प्रत्यक्ष काय परिणाम झाला, हे पाहावे लागते. दिवसभर वाहन चालवणाऱ्याची आखडलेली मान आणि घरून काम करणाऱ्याची मान न्यायाधिकरणाने एकाच मापाने मोजू नये, असा याचा अर्थ.

मुदतीचा अडसर वेगळाच. २०१९ च्या दुरुस्तीने दाव्यासाठी सहा महिन्यांची मर्यादा घातली. ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. या तरतुदीला आव्हान देणाऱ्या याचिका प्रलंबित असताना, केवळ विलंबाच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. हा दिलासा अंतिम निकालापर्यंतचाच आहे.

दिल्ली उच्च न्यायालयाने राजेश त्यागी खटल्यात घडवलेली कार्यपद्धती आता देशभरच्या नियमांत आली आहे. पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो अहवालच दाव्याचा अर्ज मानता येतो. पण अपघाताची खबरच दिली नाही, तर ही यंत्रणा हलणार कशी?

त्यामुळे किरकोळ वाटणाऱ्या धडकेनंतरही वाहन क्रमांक व छायाचित्रे घेणे, पोलिसांना कळवणे आणि दुखणे सुरू होताच डॉक्टरांकडे अपघाताचा उल्लेख नोंदवणे अगत्याचे ठरते. फिजिओथेरपीच्या पावत्या आणि बुडालेल्या पगाराचा दाखला यांचेही मोल तेवढेच. क्ष-किरणात न दिसणारे दुखणे न्यायाधिकरणाला दिसते ते या कागदांतूनच.